मलम, बाम की गोळी? दुखापतीवरील बाह्योपचारांची विवेकी निवड

(दीपनगर येथील श्रोत्यांसमोर झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात आणि दीपनगर आले, हे प्रवाशास उमगते. येथील ५०० मेगावॅटचे संच अहोरात्र वीज निर्माण करीत असतात. परंतु यंत्रांच्या या अखंड फिरण्यामागे माणसांच्या हातापायांचे श्रम उभे असतात. लोखंडी जिन्यांची चढउतार करणारा कामगार, जड झडपेचे चाक फिरविणारा तंत्रज्ञ, वसाहतीबाहेर रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर, पाण्याचा हंडा उचलताना कमरेत उसण भरलेली गृहिणी, संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना पाय मुरगळलेला शाळकरी मुलगा, या सर्वांच्या वाट्याला कधी ना कधी येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे स्नायूंचे वा सांध्यांचे दुखणे.

असे दुखणे उद्भवले की घराघरांतून तीन वाटा धरल्या जातात. कोणी फळीवरची बामची डबी काढतो, कोणी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून 'अंगदुखीची गोळी' आणतो, तर कोणी मालीश करणाऱ्याकडे धाव घेतो. या तिन्ही वाटा परिचित आहेत. म्हणूनच त्यांविषयी फारसा विचार केला जात नाही. वस्तुतः कोणती वाट केव्हा धरावी, यावर केवळ आराम नव्हे, तर प्रसंगी हाड, त्वचा आणि मूत्रपिंड यांचे आरोग्य अवलंबून असते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच की, वरून लावावयाच्या औषधांची निवड सवयीने न होता समजून-उमजून व्हावी.

आधी परीक्षा, मग उपचार

कोणतेही मलम लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : हे दुखणे मलमाच्या आवाक्यातले आहे काय? घोटा मुरगळला असे वाटते, पण आतील हाडास तडा गेलेला असतो, असे अनेकदा घडते. मलमाने ठणका थोडा कमी होतो, रुग्ण चालत राहतो आणि तडा वाढत जातो. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच त्याला झोपविणे शहाणपणाचे नव्हे.

कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली घोट्याच्या दुखापतीसाठी काही सोपे नियम मांडले. आज ते जगभरच्या तातडीच्या उपचार विभागांतून वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जी हाडे उंचवट्यासारखी हाताला लागतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटर भागात, दाबल्यावर दुखत असेल. अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही रुग्णास चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे, असा त्यांचा मथितार्थ आहे. चार पावलांची ही कसोटी घरातील कोणालाही समजण्याजोगी आहे.

याखेरीज अवयव वेडावाकडा दिसणे, सांधा जागचा सरकल्यासारखा वाटणे, बोटे बधिर वा थंड पडणे, सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, एकाच पोटरीस अचानक सूज येऊन ती दुखू लागणे, कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, या अवस्थांत मलम शोधत बसू नये; विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. डावा खांदा, हात वा जबडा काही मार न लागता दुखू लागला आणि सोबत घाम व धाप असेल, तर ते दुखणे स्नायूंचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी बाम चोळण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो.

ताज्या दुखापतीवर जोरजोरात मालीश करण्याची प्रथा या भागात रूढ आहे. 'शीर चढली आहे, उतरवून देतो' असे म्हणून सुजलेला घोटा रगडला जातो. मुरगळण्यात अस्थिबंधाचे तंतू ताणलेले वा फाटलेले असतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरत असते. त्यावर रगडणे म्हणजे जखमेवर पुन्हा जखम करणे होय. पहिले दोन-तीन दिवस त्या भागास विसावा द्यावा, पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज फार आवळून न बांधता आधारापुरते बांधावे आणि ठणका असह्य असल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. या काळात गरम शेक टाळावा. पुढे दुखणे सोसवेल तितपत हालचाल लवकर सुरू करावी. कारण दीर्घकाळ निजून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि सांधा आखडतो.

बामची आग : दिलासा देणारी, दाह न शमविणारी

बामचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजनचा व्यवसाय आरंभिला आणि पिवळ्या बामची बाटली भारतभर घरोघरी पोचली. त्यानंतर आलेली बहुतेक मलमे थोड्याफार फरकाने त्याच द्रव्यांवर आधारलेली आहेत : पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींतून मिळणारे मेन्थॉल, कापूर, निलगिरीचे तेल आणि गंधपुरा तेलातील मुख्य घटक असलेले मिथाइल सॅलिसिलेट.

ही द्रव्ये नेमके काय करतात? याचे उत्तर खानदेशी माणसास नंदुरबारच्या मिरचीबाजारात सापडेल. तेथे मिरचीची हाताळणी करणाऱ्यांच्या हातांची आग होते. परंतु हातांचे तापमान मात्र वाढलेले नसते. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवरील उष्णतासंवेदी कळ दाबते आणि मेंदूस 'चटका बसला' असा निरोप जातो. ही कळ अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढली. मेन्थॉल थंडाव्याची संवेदना देणारी निराळी कळ दाबते, हेही पुढे सिद्ध झाले. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तात्पर्य, बामने उत्पन्न केलेली थंड वा उष्ण संवेदना मज्जारज्जूकडे जाते आणि तिच्या गलबल्यात मूळ वेदनेचा आवाज काही वेळ दबून जातो. हा दिलासा खोटा नव्हे. थकलेल्या पोटऱ्या, अवघडलेली मान, दिवसभराच्या श्रमांनी आलेला शीण यांसाठी तो पुरेसाही असतो. तथापि आग अधिक म्हणजे औषध अधिक जालीम, हा समज मात्र चुकीचा आहे. त्वचेची आग आतील सूज उतरवीत नाही.

उलट, आगीचा अतिरेक अपाय करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१२ मध्ये अशा मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या ४३ घटनांची नोंद देऊन जनतेस सावध केले. गंभीर भाजण्याच्या घटनांत मेन्थॉल, अथवा मेन्थॉल व मिथाइल सॅलिसिलेट यांचे मिश्रण, यांचा वाटा मोठा होता. म्हणून मलम लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, ती जागा घट्ट पट्टीने वा प्लास्टिकने झाकू नये आणि गरम पाण्याने स्नान करून लगेच मलम लावू नये.

बिब्ब्याविषयीही येथे बोलणे अगत्याचे आहे. ग्रामीण भागात दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याचे तेल लावण्याची चाल अद्याप आढळते. बिब्ब्याच्या रसाने त्वचेवर फोड येतात, जखमा होतात आणि त्यांचे डाग दीर्घकाळ राहतात. बिब्बा शास्त्रोक्त शुद्धीनंतरच जाणत्या वैद्याने हाताळावयाची वस्तू आहे, घरगुती प्रयोगाची नव्हे. आंबेहळदीचा कोमट लेप तुलनेने निरुपद्रवी आहे. मात्र कातडी सोललेली असल्यास तोही लावू नये.

दाहशामक जेल : नळीवरील बारीक अक्षरे

बामहून निराळा वर्ग म्हणजे दाहशामक औषध असलेली जेल. दुखापत झालेल्या पेशींत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे सूज वाढते आणि मज्जातंतू हळवे होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे याच द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि या क्षेत्रातील कार्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी झाले. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन, पिरॉक्सिकॅम ही त्याच कुळातील औषधे असून ती जेलच्या रूपानेही मिळतात.

जेल त्वचेवर चोळले असता औषध त्वचेखालील ऊतींत उतरते. रक्तात मात्र त्याचा अल्पांशच पोचतो. एका गुडघ्यावर दिवसातून चार वेळा चार-चार ग्रॅम डायक्लोफेनॅक जेल लावले, तरी रक्तातील औषधाचे प्रमाण गोळ्या घेतल्यानंतरच्या प्रमाणाच्या सुमारे ६ टक्के एवढेच आढळते. दुखऱ्या जागी औषध, उरलेल्या शरीरास बव्हंशी सुटका, असा हा लाभ आहे.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २०१५ साली तीव्र स्नायू-सांधेदुखीवरील अशा औषधांच्या ६१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. डायक्लोफेनॅकच्या एका विशिष्ट इमल्शन-जेलने सुमारे ७८ टक्के रुग्णांची वेदना निम्म्याने वा त्याहून अधिक उतरली, तर औषधविरहित जेलने सुमारे २० टक्क्यांची. किटोप्रोफेन जेलच्या बाबतीत हे आकडे ७२ आणि ३३ टक्के होते. पैकी डायक्लोफेनॅकचे आकडे दोनच चाचण्यांतून आलेले आहेत, हेही ध्यानी ठेवावे. पुढे २०२० साली अमेरिकेतील वैद्यांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०७ चाचण्यांच्या अभ्यासाआधारे मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. कंबर सोडून अन्यत्र झालेल्या ताज्या स्नायू-सांधे दुखापतींत पहिला उपचार म्हणून दाहशामक जेल लावावे, मग ते मेन्थॉलसह असो वा मेन्थॉलविना, आणि गोळ्यांचा विचार त्यानंतर करावा, अशी त्यांची शिफारस आहे.

कंबर का सोडली, हे समजून घेणे उपयुक्त आहे. घोटा, मनगट, कोपर, गुडघा, बोटे हे सांधे त्वचेपासून जवळ आहेत. तेथे जेल पोचते. कमरेचे मणके आणि खुब्याचा सांधा मांसल थरांखाली खोल दडलेले असतात. तेथे जेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता नळीवरील बारीक अक्षरांकडे वळू या. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक जेलवर असा मजकूर आढळतो : डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के. म्हणजे एकाच नळीत दाहशामक औषधही असते आणि बामची आगही. ज्याची त्वचा नाजूक आहे, त्याने मेन्थॉलविरहित साधे जेल मागावे. दुसरी नळी केवळ मेन्थॉल व मिथाइल सॅलिसिलेटची असते. तिचे वेष्टन पहिलीसारखेच दिसले, तरी तिचे काम बामचेच असते. जाहिरातीतील खेळाडू दोन्हीकडे सारखाच धावतो. भेद केवळ घटकांच्या यादीत असतो. ही यादी वाचण्यास अर्धा मिनिट पुरतो.

मात्रेविषयीही गैरसमज आहे. बहुतेक लोक ज्वारीच्या दाण्याएवढे जेल लावतात आणि 'गुण येत नाही' म्हणून गोळीकडे वळतात. डायक्लोफेनॅक जेलची एका वेळची मात्रा साधारणतः २ ते ४ ग्रॅम, म्हणजे लहान बोराएवढी ते सुपारीएवढी असते आणि ती दिवसातून तीन-चार वेळा लावावी लागते. हळुवार चोळावे, तासभर ती जागा धुऊ नये, हात मात्र लगेच धुवावेत; हाताच्याच सांध्यावर लावले असल्यास तासाने धुवावेत. पहिल्याच दिवशी चमत्काराची अपेक्षा न धरता काही दिवस नियम पाळावा. आठवड्याभरात उतार न पडल्यास नळी बदलण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

गोळी, उन्हाळा आणि मूत्रपिंड

'एवढी यातायात कशाला? एक गोळी घेतली की काम झाले', असे पुष्कळांस वाटते. या विचारातील धोका खानदेशाच्या उन्हाळ्यात अधिक गडद होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॉयलरच्या परिसरात किंवा उघड्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी घामावाटे झपाट्याने उतरते. अशा वेळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरण्याचे काम जी द्रव्ये करतात, त्यांत प्रोस्टाग्लँडिनही आहे. वेदनाशामक गोळी दुखऱ्या जागेतील प्रोस्टाग्लँडिन रोखते, तशी मूत्रपिंडातीलही रोखते. शरीरात पाणी कमी, त्यात हा आधारही काढून घेतलेला. अशा अवस्थेत मूत्रपिंडास अकस्मात इजा होऊ शकते. मधुमेह, जुना रक्तदाब, वार्धक्य किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका वाढतो. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होणे आणि हृदयविकाराचा संभव वाढणे, हे याच गोळ्यांचे आणखी दोन दुष्परिणाम होत.

हे औषध जिवास किती जड जाऊ शकते, याचा साक्षी भारतीय आकाशात पूर्वी विपुल असलेला गिधाड पक्षी आहे. डायक्लोफेनॅक दिलेली गुरे मरण पावल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या तोवर ९९ टक्क्यांहून अधिक घटत आली होती. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आणि २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर बंदी घातली. मनुष्याचे शरीर गिधाडाहून भिन्न आहे. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पांजरापोळ वा गोशाळा चालविणाऱ्यांनी माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुरांस कदापि टोचू नये, हा जीवदयेचा सरळ अर्थ आहे.

गोळी सर्वथा वर्ज्य आहे, असे मात्र नव्हे. अनेक ठिकाणी एकाच वेळी मार लागला असेल, दुखणे खोल असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर, पाणी भरपूर पिऊन, थोडे दिवस ती घ्यावी. ज्या दुखण्यास जेल पुरेसे आहे, तेथे गोळी नको, एवढाच आग्रह आहे.

वरून लावावयाचे औषधही औषधच

जेल सुरक्षित आहे म्हणून ते निर्धोक आहे, असे समजू नये. ॲस्पिरिन वा तत्सम औषधाने ज्यांना दम्याचा झटका येतो, त्यांनी दाहशामक जेलही टाळावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेटची मलमे डॉक्टरांस विचारल्याविना वापरू नयेत. त्यांच्या संयोगाने रक्तस्राव वाढल्याचे दाखले वैद्यकीय वाङ्मयात आहेत. गर्भवतींनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ही जेल आपल्या मनाने लावू नयेत. किटोप्रोफेन लावलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास पुरळ व फोड येऊ शकतात. औषध थांबविल्यावरही दोन आठवडे ती जागा कपड्याने झाकलेली असावी. उन्हात राबणाऱ्या माणसाने ही सूचना गांभीर्याने घ्यावी.

लहान मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या एका चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, द्रवात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनएवढे, म्हणजे प्रौढांच्या सुमारे २१ गोळ्यांइतके, सॅलिसिलेट असते. कापूर पोटात गेल्यास बालकास झटके येतात. दोन वर्षांखालील बालकाच्या अंगास कापराचे वा मेन्थॉलचे बाम लावू नये आणि डबी त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये. अति वापर मोठ्यांनाही भोवतो. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली सतरा वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू अंगास वारंवार लावलेल्या मलमांतील मिथाइल सॅलिसिलेटच्या अतिरेकामुळे झाला, असा निष्कर्ष तेथील वैद्यकीय तपासणीत निघाला.

वेदनाशामक फवाऱ्याचे डबे ज्वालाग्राही असतात. ते विस्तवाजवळ, वेल्डिंगच्या जागी अथवा उन्हात बंद मोटारीत ठेवू नयेत.

सारांश

सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे. श्रमाने आलेला शीण असेल, तर विश्रांती आणि हवे असल्यास थोडे बाम पुरे. घोटा, गुडघा, मनगट वा बोट मुरगळले आणि हाडाची शंका नसेल, तर दाहशामक जेल योग्य मात्रेत, काही दिवस, नियमाने लावावे. कंबर वा खुब्याचे दुखणे असेल, तर जेलवर विसंबून न राहता हालचाल, व्यायाम आणि वैद्यकीय सल्ला यांचा आधार घ्यावा. चार पावले टाकता येत नसतील, अवयव वाकडा वा बधिर झाला असेल, तर कोणतेच मलम नको. सरळ दवाखाना गाठावा. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत, पाणी न पिता, कोणाच्याही सांगण्यावरून वेदनाशामक गोळी तोंडात टाकू नये.

घरातील औषधांच्या डब्यात आज कोणत्या नळ्या आहेत, हे या व्याख्यानानंतर घरी गेल्यावर प्रत्येकाने एकदा काढून पाहावे. घटकांची यादी वाचावी, मुदत उलटलेल्या नळ्या टाकून द्याव्यात, उरलेल्यांतील दाहशामक कोणती आणि बाम कोणते, हे घरातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे आणि डबा मुलांच्या हातापासून उंच ठेवावा. वेळेस योग्य नळी हाती लागणे आणि नळीने भागणार नाही तेथे दवाखान्याची वाट धरणे, एवढे साधले तरी पुष्कळ आहे.